उपाशी माती

११ मार्च

डेअरीवर ट्रॅक्टरवाल्या ईश्वरच्या थोबाडीत मारली. चांगली चार माणसांत मारली. त्याच्या हातातली किटली उडाली, दूध सांडलं, आन् माझ्याच डोळ्यापुढं अंधारी येऊन मीच खाली बसलो. मग ज्याला मारलं त्यानंच मला गाडीत घालून शिरूरला नेलं. डॉक्टर म्हणला, "पाटील, हे बीपी न्हाई, सुरुंग हाय. राग आला की हात उचलायचा न्हाई, पेन उचलायचं. जे वाटतंय ते लिहून काढायचं."

मी म्हणलं, मग तर रोजच लिवावं लागंल.

डायरी सत्यानं दिली. सत्या म्हंजी माझा थोरला, सत्यजीत. खताच्या कंपनीची डायरी हाय, वर उसाचं चित्र. त्याला सगळीकडं ऊसच दिसतो.

तर राग कशाचा. ईश्वर हसत हसत म्हणला, "पाटील, नंदाताई माळावर वाळवी पाळती म्हणं?" नंदा म्हंजी राजनंदिनी, माझी धाकटी. पुण्यात शिकली, गवतावर शिकली. गवतावर शिकायला पुण्याला जावं लागतं हे मला बी पटलं नव्हतं, पण माझ्या पोरीला कुणी हसलेलं मी ऐकून घेणार न्हाई. कवठ्याच्या वरच्या अंगाला आमचा बारा एकराचा माळ हाय. मुरूम, दगड, कुसळं. हिनं दोन वर्षांमागं तो मागून घेतला. म्हणली, आबा, इथं पूर्वी गवत व्हतं ना, ते परत आणते. सत्याला तो माळ फोडून, पाईप टाकून ऊस करायचाय. घरात रोज मारामारीची पाळी यायला लागली तवा मीच बोली केली. येत्या दसऱ्याला माळावर गवत मेंढराच्या पाठीच्या वर उभं राहिलं पाहिजे, सगळीकडं. राहिलं तर माळ नंदाचा. न्हाई राहिलं तर सत्यानं फोडावा. हौसरावाचा शब्द. दोघांनी मान हलवली.

तोंडानं म्हणत न्हाई, पण माझं मन नंदाकडं हाय. ती हरलेली मला बघवणार न्हाई.

१३ मार्च

नंदासंगं माळावर गेलो. दोन वर्षांत गवत आलंय, खोटं कशाला बोलू. पवन्या हाय, डोंगरी हाय, मारवेल हाय. पण जुनं वाळून तसंच उभं. खालचं कोंब त्या वाळक्यात गुदमरतंय असं ती म्हणती.

वारुळं केवढी झाल्यात! मी लाथ घालायला गेलो तर नंदा आडवी आली. "आबा, ह्यातले किडे नांगरतात ही जमीन. आतून. वाळकं खाली नेतात, पाण्याला वाट करतात." मग एक गवताचं बूड उकरून दाखवलं. मुळाला पांढरे धागे, बुरशीचे. पिकावर असली बुरशी दिसली असती तर मी फवारा मारला असता. ही म्हणती ती मुळाला पाणी आणून देती.

मी म्हणलं, येवढा खटाटोप कशाला, माती हलकी हाय, जरा खत टाकू की. तर ही म्हणती, "नको आबा. ह्या गवताला उपाशी माती लागते. माती माजली की दुसरंच तण येतं, ते ह्याला जगू देत नाही."

उपाशी माती! उभ्या जन्मात असलं येडं ऐकलं न्हाई. पण पोरगी मनाला लावून घेईल म्हणून गप्प बसलो.

परतताना हळूच म्हणली, "आबा, तात्याबाची मेंढरं थोडे दिवस बसवली तर? वाळकं खातील, लेंडी पडंल, खुरानं जमीन हलंल."

झालं. डोस्कं फिरलं. दोन वर्ष ह्या माळावरनं मेंढरं मी हाकललीत. तात्याबा धनगर माझ्या बरोबरीचा, एका ताटात जेवलेला माणूस, त्याच्या तोंडावर मी म्हणलं की तुझं जनावर तारेच्या आत दिसलं तर तंगड्या मोडीन. सगळं हिच्यासाठी. आन् आता म्हणती मेंढरं बसवा? मी असा वरडलो की लांब बांधावरची बाई उठून बघाय लागली. त्यानंतर नंदानं विषय काढला न्हाई. माझं तिला पटलं असणार.

२ एप्रिल

माळाच्या वरच्या कोपऱ्याला बिरोबाचा दगड हाय, धनगरांचा देव. तिथं ताज्या लेंड्या सापडल्या. गवत बी खाल्लेलं. नंदाला विचारलं तर म्हणली ससे असतील. ससे! पोरगी शिकलेली, पण भोळी हाय. हिच्या भोळेपणाचा कोणतरी फायदा घेतंय.

लेंडी फोडली तर आतनं काळे किडे निघाले, गोळा करून ढकलत चाललेले. काठीनं चेंदले.

सत्या आला व्हता. "आबा, दसऱ्याला मशीन सांगून ठेवू का आत्ताच?" म्हणला. तोंडावर हसला. हात शिवशिवला, पण पेन उचललं. हे बघा डॉक्टर, उचललं.

९ एप्रिल

पेन न्हाई उचललं.

सकाळी उन्हं वर यायच्या आधी गेलो. बिरोबाच्या कोपऱ्याला तार खाली दाबलेली आन् आत सगळा कळप. तात्याबाचा शंभू घोंगडी टाकून बसलेला, फोनवर गाणी लावून, जसा काय बापाचाच माळ. मला बघून उठला. पळाला न्हाई. "पाटील, ऐका तर, ताईनीच..." येवढंच म्हणला. ताईचं नाव त्याच्या तोंडात ऐकलं आन् मला काय झालं मला कळलं न्हाई. काठी घातली. त्यानं डोक्यावर हात घेतला, हातावर बसली. परत घातली. कडकन आवाज आला, वाळलं लाकूड मोडावं तसा. कुत्रं अंगावर आलं, त्याच्या बी कमरेत घातली, ते केकाटत मागचे पाय ओढत गेलं. मेंढरं बुजून तारेवर गेली, दोन तारेत गुतली, रगात निघालं. शंभू खाली पडला तरी मी मारत व्हतो. पाठीवर, मांडीवर. त्यानं एकदा बी माझ्यावर हात उगारला न्हाई. तरणा माणूस, मनात आणलं असतं तर मला उचलून टाकलं असतं.

काठीच हातातनं निसटली तवा थांबलो. हात घामेजला व्हता.

चोराला मारलं, काय चुकलं?

१० एप्रिल

हात दोन ठिकाणी मोडलाय, उजवा. कोपराच्या खाली.

सकाळी अनसाबाई आली, तात्याबाची बायको. शिवी दिली न्हाई. शंभूची रगात लागलेली घोंगडी आमच्या उंबऱ्यावर ठेवली आन् गेली. साखरबाई, माझी बायको, ती घोंगडी धूत बसली आन् रडत बसली. मी म्हणलं रडती कशाला, तर म्हणली, "तुम्हाला न्हाई कळायचं."

पोलिसांत कुणी गेलं न्हाई. तात्याबा म्हणला म्हणं, पाटलाला मी काय शिकवू.

मग नंदा आली. पांढरी पडली व्हती. उभ्या उभ्याच बोलली. "मी बोलावलं होतं त्याला, आबा. आठ दिवस झाले, रोज सकाळी मीच तार काढून द्यायची. तुम्हाला सांगायची हिंमत नव्हती. तो नको नको म्हणत होता. पाटील मारतील, म्हणला. मी म्हणलं, मी आहे ना."

मी म्हणलं, मग मला सांगायचं व्हतं.

"सांगितलं होतं," म्हणली. "तुम्ही वरडला होता."

१५ एप्रिल

ताट पुढं येतं, ताट उचललं जातं.

शंभूला दौंडला नेलाय. तिथं त्याची बहीण रुपाली रेल्वे कॉलनीत राहती, नवरा रेल्वेत हाय. हातात पट्टी बसवणार हायेत, लोखंडाची. नंदा बी गेली त्याच्यासंगं. जाताना साखरबाईला म्हणली, तिकडंच राहू गावात एकांचा माळ हाय, तो बघून येते. पिशवी घेतली आन् शिरूरची यष्टी धरली.

ती गेल्यावर मी अंगणात बसलो. मला माफी मागता येत न्हाई. माझ्या बापाला येत नव्हती, मला कुठनं यावी. पण करून दाखवता येतं. कायतरी येवढं मोठं करावं की पोरगी परत येऊन बघंल आन् म्हणंल, आबा, तुम्हीच!

२१ एप्रिल

सापडलं!

पाझर तलाव आटलाय. गाळ काढायचं काम चालू हाय, सगळं गाव रानात गाळ न्हेतंय. काळाभोर, लोण्यावाणी गाळ. असल्या गाळावर आमच्या खालच्या रानात मी असा ऊस काढलाय की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. आजवर गावात कुणी माळावर गाळ टाकला न्हाई, कारण माळाला कोण येवढा जीव लावतो? मी लावणार. पोरीचं गवत मेंढराच्या काय, बैलाच्या पाठीवर जाईल.

ईश्वरकडं गेलो. थोबाडीत मारल्यापासनं पहिल्यांदा. चहा पाजला त्यानं. टिपर बी त्याचे, ट्रॅक्टर बी त्याचा. म्हणला, "पाटील, गवत हाय ना तिथं, ते गाडलं जाईल." मी म्हणलं, गाडून वर येतं ते खरं गवत. तू शिकवू नको.

२४ एप्रिल

तीन दिवस माळावर नुसता धुरळा. टिपर येतो, वततो, ट्रॅक्टर पातं लावून पसरतो. वारुळं आडवी येत व्हती, सगळी सपाट केली. एक वारूळ फुटलं तर आतनं पांढऱ्या किड्यांचा लोंढा निघाला. चिमण्या, साळुंक्या, कावळे, सगळे तुटून पडले. ट्रॅक्टरच्या चाकाखाली एक घोरपड आली, बिळातच व्हती बहुतेक. ईश्वर थांबला, मी म्हणलं, चल पुढं.

वरच्या कोपऱ्याला गेलो तर बिरोबाच्या दगडापुढं अनसाबाई आडवी. हात पसरून. "देवाच्या अंगावर चिखल टाकायचा न्हाई. माझ्या अंगावरनं न्हे ट्रॅक्टर." लई शिव्या घातल्या तिला. ईश्वरला म्हणलं घाल पुढं, तो चावी काढून खाली उतरला. म्हणला, हे मला जमणार न्हाई, एकदा तुमचं ऐकून पाप केलंय. कसलं पाप ते बोलला न्हाई. राहू दे तिचा कोपरा. अर्धा एकर उपाशी राहिला तर राहिला.

बाकीचा माळ काळाभोर झालाय. डोळ्याचं पारणं फिटलं. साखरबाईला नेऊन दाखवला. ती बघत राहिली. आनंदानं बोलवलं न्हाई तिला.

२७ एप्रिल

नंदा आज दुपारी आली. मी फाट्यावर गाडी घेऊन गेलो, चल म्हणलं, तुला गंमत दाखवतो.

माळावर उतरली. आधी तिला वाटलं आपण भलतीकडं आलोय. मग तार बघितली. तारेच्या आत गेली, चार पावलं, पाय घोट्यापर्यंत गेला. खाली बसली आन् हातानं गाळ उकरायला लागली. मी हसत व्हतो. म्हणलं, बघ, किती खोल टाकलाय. ती उकरतच व्हती. नखं मोडली. खालनं एक बूड काढलं, पवन्याचं, पिवळं पडलेलं, दबलेलं. त्याला नाकाजवळ नेलं.

"सडायला लागलंय," म्हणली. "खाली सगळे होते, आबा. किडे, मुंग्या, ती बुरशी. जितंपणी गाडलं तुम्ही सगळ्यांना."

मी म्हणलं, अगं, तुझ्यासाठीच...

तवा ती उठली. माझ्या हातातली काठी घेतली, हिसकली म्हणावं तर तसं बी न्हाई, मी सोडलीच. आन् घातली. उजव्या दंडावर, सगळ्या ताकदीनं. मग दुसरी. मग ट्रॅक्टर अजून तिथंच उभा व्हता त्याच्या काचा फोडल्या, दिवे फोडले, काठीचं टोक फुटंपर्यंत. साखरबाई बांधावरनं "नंदे! नंदे!" करत पळत आली, तिला मिठी मारून धरली. दोघी त्या गाळात पडल्या.

ट्रॅक्टर न्यायला आलेला ईश्वर लांब उभा व्हता. ट्रॅक्टर त्याचा, पण अडवायला पुढं आला न्हाई.

घरी साखरबाईनं दंडावर हळद लावली. हात मोडला न्हाई. हातात जोर माझाच आलाय पोरीच्या. मला तिचा राग आला न्हाई. जल्मात पहिल्यांदा कुणी मारलं आन् राग आला न्हाई. त्याचंच जास्त भ्या वाटलं.

८ जुलै

लिवलं न्हाई बरेच दिवस. लिवण्यासारखा राग नव्हता.

पण आज लिवतो. माळ हिरवागार झालाय! सगळा, या टोकापासनं त्या टोकापर्यंत. मी म्हणत नव्हतो? नंदा पुण्याला हाय, तिला फोन लावला, उचलला न्हाई. साखरबाईला म्हणलं तू लाव. लावला. "आई, आबांना सांग, जवळ जाऊन बघा," येवढंच म्हणली.

उद्या जातो.

९ जुलै

गाजर गवत.

सगळं. पाय ठेवायला जागा न्हाई. गाळातनंच बी आलं असणार. कुठं कुठं माठ, कुठं लव्हाळा. पवन्या म्हणून एक काडी न्हाई.

३ ऑगस्ट

रोज उपटतोय. अंगाला खाज सुटली, मान, हात, पापण्या सुजल्या. डॉक्टरनं गोळी दिली आन् म्हणला, त्या गवताला हात लावू नका. मी म्हणलं, हात लावूनच तर इथवर आलोय.

गड्यांना सांगितलं तर म्हणत्यात मजुरी दुप्पट द्या, अंग फुटतं. एकट्यानंच उपटतो. एका बाजूनं उपटावं तर मागनं परत उगवतं. आज कोयता घेऊन घुसलो, येड्यावाणी छाटत सुटलो, शिव्या देत. पांढरी फुलं तोंडावर उडत व्हती. शेवटी कोयता दगडावर बसला आन् माझ्याच नडगीत शिरला. रगात लई गेलं. नऊ टाके पडले.

१२ सप्टेंबर

लंगडत बिरोबाच्या कोपऱ्याला गेलो. गेलो नव्हतो इतके दिवस, अनसाबाईचं तोंड बघायला नको म्हणून.

गवत माझ्या कमरेला लागलं. पवन्या, डोंगरी, लाल काड्या, वाऱ्यानं सगळं एकदम वाकतंय आन् उठतंय. खाली वारूळ हाय, एक, शाबूत. जिथं शंभूची मेंढरं बसली व्हती आन् जिथं अनसाबाईनं मला चिखल टाकू दिला न्हाई, तेवढ्याच जागेत. तिथं मी काय बी केलं न्हाई. त्याला मारण्यापलीकडं काय बी केलं न्हाई.

लेंडीतले ते काळे किडे बी दिसले. काठी संगं नव्हती. असती तरी...

लई रडलो. लिवायला लाज वाटती, पण डॉक्टर म्हणलाय सगळं लिवा.

२ ऑक्टोबर, दसरा

सत्या सकाळीच आला. पाया पडला, सोनं दिलं. माळावर गेलो सगळे. नंदा बी आली व्हती.

सत्यानं बुटानं माती उकरली. मूठभर घेतली, चोळली आन् खरंच खूश होऊन म्हणला, "आबा, तुम्ही तर रानच तयार करून दिलं मला! नुसता मुरूम असता तर दोन वर्ष गेली असती. कधी बोलला न्हाई ते!" आन् मला मिठी मारली. चेष्टा नव्हती करत. मनापासनं म्हणला.

माझ्या डोळ्यापुढं लाल झालं. त्याला ढकलला, कॉलर धरली. "माळाला हात लावशील तर चिरीन," म्हणलं. बांधावर पडलेला ट्रॅक्टरचा फाळ उचलायला वाकलो.

"आबा," नंदा म्हणली. आवाज चढवला न्हाई. "बोली तुमचीच होती. मी हरले. सोडा त्याला."

सोडला. शर्टाचं बटण माझ्या मुठीत राहिलं.

मी म्हणलं, तू हरली न्हाई, मी हरवली तुला. ती सत्याकडं वळून म्हणली, "बिरोबाचा कोपरा सोड, दादा." तो म्हणला, देवाचं कोण फोडतंय.

साखरबाईनं घरी पुरणपोळी केली व्हती. कुणी खाल्ली न्हाई.

२९ ऑक्टोबर

आज माळ फुटला. सत्याची मशीन सकाळपासनं चाललीय.

नंदाला राहूच्या माळाचं काम मिळालंय, तिथल्या लोकांनी तिला बोलावलंय. परवा जाणार, तिकडंच राहणार. तिथं पेरायला गवताचं बी पाहिजे, आन् ते फक्त बिरोबाच्या कोपऱ्यात हाय. ती आन् शंभू तोडत व्हते. मी लांब उभा राहिलो. मशीनचा आवाज येवढा की बोललेलं ऐकू येत नव्हतं.

शंभूचा उजवा हात वाकडा बसलाय. कोपरातनं पुरता उघडत न्हाई, मुठीत जोर न्हाई. डाव्या हातानं तो काडी खालनं वर ओरबाडत व्हता, बी मुठीत येत व्हतं, पण पिशवीचं तोंड धरायला दुसरा हात चालत नव्हता. पिशवी दातात धरायचा, निम्मं बी खाली सांडायचं. त्याचं ते कुत्रं बिरोबाच्या दगडाला टेकून बसलं व्हतं. मला बघून उठायला लागलं, मागचे पाय आलेच न्हाईत, परत बसलं.

मी गेलो. नंदानं बघितलं आन् तोंड फिरवलं. शंभू थांबला. त्याच्या डोळ्यांत भ्या आलं, मी बघितलं ते. माझ्या हातात काय न्हाई म्हणून दोन्ही हात पुढं करून दाखवले.

म्हणायचं लई व्हतं. पण तोंडातनं येवढंच आलं, "आण, पिशवी मी धरतो."

त्यानं माझ्या रिकाम्या हातांकडं बघितलं. मग दातातली पिशवी सोडली.

दिवस मावळंपर्यंत मी पिशवी धरून उभा व्हतो. तो तोडत व्हता, मी धरत व्हतो. जाताना नंदा म्हणली, "उद्या सकाळी लवकर या. ऊन चढलं की बी गळतं."